भोंगा आधी वाजवून पाहणारी सुजाताताई

चुकलं की शंभर कारणं सांगणारे हुशार लोक मी पोत्यानं पाहिले. ‘माझं चुकलं’ असं कारखानाभर बायांसमोर सांगणारी एकच पाहिली.

ती आज पहाटे गेली. आमची सुजाताताई.

नागपुरातल्या आमच्या इवल्याशा ऑफिसात ती सगळ्यात सीनियर प्रोग्रामर. मला कोड लिहायला तिनंच शिकवलं. अहो-जाहो केलं की चिडायची. “मी काय तुही सासू आहो काय वं?”

भिवापूरचं काम आलं तेव्हाची गोष्ट.

तिथे मिरचीचं कोल्ड स्टोरेज. थंडाव्यासाठी अमोनिया गॅस. आणि शेजारच्याच हॉलमध्ये बाया मिरचीचे देठ खुडत बसलेल्या. गॅस गळला तर भोंगा वाजायलाच हवा, नाहीतर त्या बाहेर पडणार कधी?

गॅस ओळखणाऱ्या सेन्सरसोबत एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आली होती, सी भाषेत लिहिलेली. आमचा प्रोग्राम पायथन या दुसऱ्या भाषेतला. मग ताईनं पायथनमध्ये भोंगा वाजवणारं फंक्शन लिहिलं आणि त्याचा पत्ता सी ला देऊन ठेवला. गॅस दिसला की सी नं त्याला हाक मारायची. यालाच आम्ही कॉलबॅक म्हणतो.

डेमो एकदम मस्त झाला. अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला कापूस सेन्सरजवळ धरला, भोंगा कोकलला, बाया दचकून हसल्या. मालकांनी पेढे मागवले.

मी बॅग भरली. ताई म्हणाली, “थांब वं. चहा पिऊ, मग आणखी एकदा पाहू.”

“अगं, वाजला ना आता!”

“आता वाजला. गॅस काय आपल्याले विचारून येते?”

चहा झाला. पुन्हा कापूस धरला.

भोंगा गप्प. प्रोग्राम बंद पडलेला.

मालक म्हणाले, “होते मॅडम, नवीन आहे. दुरुस्त करा आरामात. काम चालू राहू द्या.”

ताईचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “आधी बाया बाहेर. मग बोला.”

बाया अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मालकांचं तोंड लालबुंद. ताई मिरचीच्या पोत्यावर बसली, लॅपटॉप मांडीवर, शिंकत शिंकत. मी त्या लायब्ररीला शिव्या घालत होते. ती मात्र स्वतःचाच कोड वाचत होती, ओळ न ओळ.

आणि सापडलं.

कॉलबॅकचा पत्ता सी कडे होता, पण पायथनमध्ये तो कॉलबॅक कोणी धरूनच ठेवला नव्हता. कोणाला लागत नाही असं समजून पायथननं कधीतरी साफसफाईत टाकून दिला. सी नं हाक मारली, तिथे कोणीच नव्हतं. प्रोग्राम कोसळला.

दुरुस्ती एका ओळीची. कॉलबॅक एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचा, प्रोग्राम चालू आहे तोवर सोडायचा नाही. त्या ओळीवर तिनं मराठीतच शेरा लिहिला: ‘ही ओळ काढू नका. आत बाया आहेत.’

मी हळूच म्हटलं, “ताई, लायब्ररीतच प्रॉब्लेम होता म्हणून सांगू ना.”

“काहून? जीव त्याइचा, अन् खोटं आपण बोलाचं?”

अंगणात गेली. सगळ्यांसमोर म्हणाली, “बायांनो, चूक माही होती. आता सुधरवली. पण माह्यावर भरोसा ठेवू नका. रोज कामाले बसाच्या आधी भोंगा वाजवून पाहा. नाही वाजला तर बसू नका.”

माय वं, काय बाई होती!

मला तिच्यासारखं व्हायचं होतं. अजूनही व्हायचंय.

आज दुपारी तिथल्या बेबीबाईंचा फोन आला. त्या मिरची खुडायला अजून तिथेच आहेत. रडत होत्या. “ताई गेल्या, सकाळीच समजलं. हात चालत नव्हते वं आमचे. पण पयले भोंगा वाजवला, मंगच बसलो.”

“वाजला?” मी विचारलं.

“वाजला ना वं.”

ताई, वाजला गं. आता निवांत जा.

अखेरचा जय भीम.