हॉलच्या मधोमध खुर्ची

मैत्रेयी, नील, त्या बुधवारी सकाळी आजोबा चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत... तुमच्या बाबांना मी फोन केला तेव्हा तुम्ही झोपला होतात. आता महिना उलटून गेला. तुमची आत्या सकाळी सीफला बँकेत जाते आणि बुसैतीनचं हे घर संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलत नाही.

तुमच्या शाळेचं साप्ताहिक बातमीपत्र बाबा शुक्रवारी पाठवायचे. शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तुमच्या सकाळी, व्हिडिओ कॉलवर ते मराठीतून वाचून दाखवायचं काम आजोबांचं. त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालत. "जयभीम! ठळक बातम्या. दुसरीच्या वर्गातला हरवलेला ससा सापडला. मंगळवारी डब्याऐवजी पिझ्झा." नील ओरडायचा, "आजोबा, दॅट्स नॉट न्यूज!" "मग काय रे, पेट्रोलचे भाव वाचू?"

फेब्रुवारीत त्या पत्रात दर आठवड्याला एका थोर कृष्णवर्णीय व्यक्तीची ओळख येई. तेवढा भाग आजोबा हळू वाचत. शेवटच्या शनिवारी, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली आपली जागा सोडायला नकार देणाऱ्या बाईंची पाळी होती. मैत्रेयी, तू वर्गात त्यांचा वेश करणार होतीस, म्हणून आधीच चष्मा लावून बसली होतीस. तू विचारलंस, "आजोबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं का, कुठे बसायचं? एव्हर?"

आजोबा म्हणाले, "हो. सांगतो. पुढच्या शनिवारी, पहिली बातमी तीच."

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "पोरांना कसं सांगू गं? त्यांना माझी कीव यायला नको."

"कीव यावी असे तुम्ही आहात कुठे? सरळ सांगा."

"मग खुर्चीचंही सांगावं लागेल."

"सांगाच. तिला ठेचकाळलीत बिचारी."

पुढचा शनिवार आला तेव्हा सांगणारे नव्हते. म्हणून मी सांगते.

नांदेडकडच्या त्यांच्या गावात तेव्हा आपल्या जातीला अस्पृश्य मानत. शाळेत आजोबांना वर्गाच्या दाराबाहेर बसवत. फळा दिसावा म्हणून ते मान वाकडी करून बसत. माठाला हात लावायचा नाही. कोणी वरून पाणी ओतलं तर ओंजळीने प्यायचं, नाहीतर घरी जाईपर्यंत थांबायचं. तशा बसण्यातून ते शिकले, इंजिनिअर झाले आणि आम्ही इथे आखातात आलो.

इथलं पहिलं घर लावताना मी त्यांची खुर्ची दाराशेजारी, भिंतीला नीट टेकवून ठेवली. कामावरून आल्यावर त्यांनी ती उचलून हॉलच्या मधोमध नेली. "दारापाशी नको. तिथे बसून झालंय." माझं घर कसं जिथल्या तिथे लागतं, तुम्हाला ठाऊक आहे. पण ती खुर्ची मी पुन्हा भिंतीला लावली नाही, या घरातही नाही. गेल्या सुट्टीत नील तिला अडखळून पडला आणि चिडून म्हणाला, "आजोबा, ही चेअर सगळ्यांच्या वाटेत आहे!"

"आहेच," आजोबा म्हणाले आणि केवढे हसले... नील, ते तुला हसत नव्हते.

ते गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. जागा व्हावी म्हणून कोणीतरी खुर्ची दारापाशी सरकवली. सगळे गेल्यावर मी ती ओढत परत आणली. फरशीवर तिच्या पायांच्या खुणा आहेत, त्यावर ती बरोबर बसते. येता-जाता अजून माझ्या गुडघ्याला लागते.