कपिला गाय आणि ओला अंगठा

मराठी शिकवायची तेव्हा मी नरखेडकडच्या एका आठवीतल्या मुलीला निबंधात शून्य दिलं, कारण तिची कपिला गाय शब्दन् शब्द एका छापील निबंधमालेत सापडली. छापलेलं तेवढं अस्सल, इतकीच माझी अक्कल.

निबंधमालेचे कर्ते आमचे शेजारी. दर उन्हाळ्यात शाळेत यायचे, थुंकीने अंगठा ओला करून मुलांच्या जुन्या वह्या चाळायचे. "रद्दीत काहून टाकता बाई, द्या मले," म्हणायचे आणि पिशवी मीच धरायची. परवा त्यांनी माझ्या नातवाच्या शाळेत साहित्यचोरीवर भाषण केलं, पानं त्याच ओल्या अंगठ्याने उलटत.

शून्य पाहून त्या मुलीने तेव्हा एवढंच विचारलं होतं, "बाई, हा निबंध मी सातवीतच लिहिला होता. आमच्या कपिलेचं नाव त्याईले कसं मालूम?"