पावसात इपॉक्सी न विकणारे अण्णा

पाऊस असला की अण्णा माल विकत नसत. दुकान उघडं असायचं, दिवा लावलेला असायचा, मागे रेझिनची पिंपं ओळीने उभी असायची, आणि अण्णा आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचे. आधी दाराशी येऊन पत्र्याखालून हात बाहेर काढायचे, तळहात उलटापालटा करून हवेचा अंदाज घ्यायचे आणि म्हणायचे, "आज नको यजमान्रे. हवा ओली आहे. वाळल्यावर या." तीस वर्षं मी बेंगळुरूत धंदा करतो आहे. हातात आलेलं गिऱ्हाईक हवेपायी सोडून देणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही.

मी निपाणीकडचा. दुसऱ्याच्या शेडमध्ये खिळे ठोकत सुरुवात केली. आज बोम्मसंद्र्यात माझा कारखाना आहे. यंत्रं पाठवायला लागणारी लाकडी खोकी आम्ही बनवतो. कारखाना दर पाडून घेण्यावर उभा राहिला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. प्लायवूडवाला, खिळेवाला, टेम्पोवाला, सगळे मला बघितलं की आधी स्वतःसाठी पाणी मागवतात. अण्णांचं दुकान राजाजीनगरात, माझ्या घरापासून चार क्रॉस, म्हणजे चार गल्ल्या, पलीकडे. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं, त्यामुळे त्यांची मराठी कानडीच्या अंगाने हळूहळू चालायची. "तुमची मराठी रागावल्यासारखी का असते हो?" असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं.

मला त्यांची गरज पडली ती आबांच्या होडीसाठी. आबा म्हणजे माझे वडील. वेदगंगेवर पूल होईपर्यंत चाळीस वर्षं त्यांनी नाव चालवली. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं, आणि गाव सुटल्यापासून त्यांचं बोलणंच आटलं. उन्हाळ्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलं आहे, दिवाळीपर्यंत प्रवास झेपेल, पुढचं सांगता येत नाही. त्याच दिवशी मी ठरवलं. घरच्या पोर्चमध्ये स्वतःच्या हाताने होडी बांधायची, दिवाळीत टेम्पोत घालून गावी न्यायची आणि आबांना एकदा नदीवर बसवायचं. हे त्यांना सांगितलं तेव्हा किती तरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हुतंय का बघ," म्हणाले.

होडीची रीत सोपी होती. प्लायवूड मापाने कापायचं, कडा तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या, सांध्यांत इपॉक्सी हे चिकट रसायन भरायचं, ते दगडासारखं झालं की वरून काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीनेच चिकटवायचं. लाकूड मला कळत होतं, इपॉक्सी कळत नव्हतं, म्हणून मी अण्णांकडे गेलो. गेल्या गेल्या दर विचारला. दर राहिला बाजूला, त्यांनी मलाच प्रश्न घातले. होडी किती लांब, बसणार कोण, नदी कुठली, पोर्चमध्ये ऊन किती वेळ येतं, मिसळायला वजनकाटा आहे का. मी म्हटलं, मी माल घ्यायला आलोय, स्थळ घेऊन नाही. ते म्हणाले, "सरी, बरं. मग स्वल्प बसा तरी."

इपॉक्सीत दोन वस्तू लागतात, रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर. मी रेझिनचा दर मान्य करून हार्डनर दुसरीकडून स्वस्तात आणायचा डाव टाकला. अण्णा जोडी फोडत नसत. "एका घरचे आहेत, एकमेकांना ओळखतात," एवढंच म्हणाले. मी दरावर आलो की ते नाही म्हणत नसत, रागावतही नसत. केरोसीनचा बोळा घेऊन काटा पुसायला लागायचे. मी बोलून दमलो तेव्हा काटा लखलखत होता आणि दर होता तिथेच होता. वर त्यांनी मोठा डबा दिलाच नाही. दोन दिवसांच्या कामापुरता माल न्या, तो संपला की पुन्हा या.

विकलेल्या प्रत्येक मालातला थोडा ते स्वतः कपात मिसळून, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहून फळीवर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख रोवून बघायचे. माझ्या नावाच्या कपात नख उमटलं नाही. होडीच्या तळाचा मधला सांधाही तसाच दगड झाला. आबा पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसायला लागले.

मग पाऊस लागला. एक आठवडा गेला, दुसरा अर्धा गेला. मी रोज सकाळी जायचो आणि अण्णा रोज हात बाहेर काढायचे. ओल्या हवेत घट्ट होईल, पण वर तेलकट पापुद्रा धरेल आणि त्यावर पुढचा थर बसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे दिवस नाहीत, हे मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. त्या दिवशी अण्णांनी काटा पुसला नाही, पण मालही दिला नाही. हा माझा त्यांच्यावरचा पहिला राग, आणि तो अजून आहे. त्यांनी तेव्हा एक डबा दिला असता तर मी दुसऱ्याच्या दारात गेलोच नसतो.

कारखान्याजवळ एक व्यापारी होता. त्याच्याकडे दोन्ही वस्तू होत्या, मोठ्या डब्यांत. मी दर पाडायला लागलो आणि तो पडत गेला. चहा येईपर्यंत निम्म्यावर आला. मी जिंकल्याच्या खुशीत डबे गाडीत टाकले. सगळं आयुष्य दर पाडण्यात घालवलेल्या माणसाने एक गोष्ट विचारायला हवी होती, की हा इतका पडतोय तो का. हार्डनर जुना होता, आणि होडीच्या कामाचा नव्हताच. फरशीवर ओतायच्या कसल्या तरी रंगाचा होता. त्यात मी स्वतःचं शहाणपण घातलं. खोक्यांची भोकं बुजवायला आम्ही जी पुट्टी वापरतो, तिच्यात हार्डनर जास्त पडला की ती लवकर धरते. इपॉक्सीचं तसं नसतं. त्यात प्रमाण चुकलं की उरलेला हार्डनर तसाच चिकट राहतो. मी दीडपट घातला आणि तीन दिवसांत उरलेले सगळे सांधे भरून वर कापडही चढवलं.

आठ दिवसांनी होडीवर हात ठेवला तर तळव्याला काकवी लागल्यासारखं झालं. पंधरा दिवसांनीही तसंच. शेवटी मी मान खाली घालून अण्णांकडे गेलो. ते दुकान उघडं टाकून माझ्याबरोबर चालत आले. एका सांध्यात त्यांनी नख रोवलं, ते आत गेलं. कुठला माल, किती घातला, एवढंच विचारलं. बोल लावला नाही. लावला असता तर मला बरं वाटलं असतं. भांडण मला जमतं.

"सगळं काढायचं," ते म्हणाले. "गरम करून, खरवडून, लाकूड लागेपर्यंत. मग पहिल्यापासून."

"किती दिवस?"

"दीड महिना. पाऊस गेला तर."

दिवाळी तीन आठवड्यांवर होती. मी म्हटलं, वरून रंग मारतो. काठाकाठाने अर्धा तास बसवतो, जास्त नाही. अर्धा तास तरी टिकेल की नाही, तेवढं सांगा.

अण्णांनी आबांच्या खुर्चीकडे पाहिलं. आबा आत झोपले होते.

"तुमचे वडील आता पोहतात का?"

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पटाशी घेऊन फाटकात उभे. वय सत्तरच्या पुढे, गुडघे दुखणारे. पोर्चमध्ये बसकण मारून त्यांनी खरवडायला सुरुवात केली आणि दुकान उघडायच्या वेळेला उठून गेले. मग रोज येऊ लागले. मी त्यांना बोलावलं नव्हतं, आणि आभारही मानले नाहीत. मी दुसऱ्या टोकाने खरवडायचो. मधे आबा बसलेले असायचे, आणि माझ्याशी दिवसाला चार शब्द बोलणारे आबा अण्णांशी तासभर बोलायचे. पुरात नाव कशी तिरकी घालायची, बैल नावेत चढत नसला तर त्याच्या डोळ्यांवर काय बांधायचं, असलं सगळं. अण्णा खरवडता खरवडता प्रश्न विचारायचे. एकाचं दुसऱ्याला निम्मं कळायचं नाही आणि दोघं त्यावरच हसायचे. आबांना हसताना मी आई असताना पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

एकदा मी कारखान्यातून घरी आलो तर खुर्ची रिकामी. आबा आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. "अण्णा म्हणत्यात, दिवाळीला हुईत न्हाई," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. तू नगं दमूस." त्यानंतर ते पोर्चमध्ये आले नाहीत.

मी तसाच दुकानावर गेलो आणि विचारलं, माझ्या बापाला सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला.

"त्यांनी विचारलं," अण्णा म्हणाले. "इतकी वर्षं माणसं पलीकडे नेलेल्या माणसाला होडीबद्दल खोटं कसं सांगू?"

"खोटं सांगायचं की खरं, ते मी ठरवणार होतो."

ते आमचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या सकाळपासून ते आले नाहीत, आणि मीही पटाशी कोपऱ्यात टाकली.

आबांनी दिवाळी पाहिली. भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी गेले. म्हणजे प्रवास झेपला असता. हे मी रोज एकदा तरी मनात म्हणतो.

त्या दिवशी अण्णा आले होते. फाटकाबाहेर चपला काढून उभे राहिले. अशा वेळी कुणाला या म्हणावं लागत नाही, माणसं आपणहून आत येतात. पण मी पायरीवरून त्यांच्याकडे बघत राहिलो, नजर काढली नाही, आणि ते आत आले नाहीत. थोड्या वेळाने चपला घालून गेले.

हिवाळ्यात हवा कोरडी झाल्यावर मी एकट्याने उरलेलं सगळं खरवडलं. माल आणायला मुकादमाला पाठवलं. अण्णांनी एकही प्रश्न न विचारता जोडी दिली, तीही मोठ्या डब्यांत. मुकादमाला त्यात काही विशेष वाटलं नाही. उन्हाळ्यात दुकान बंद झालं, ते मुलीकडे तुमकूरला गेल्याचं कळलं, आणि आषाढात ते वारल्याचंही कळलं. राजाजीनगर ते तुमकूर दीड-दोन तासांची वाट. मी चार महिन्यांत एकदाही गेलो नव्हतो.

पुढच्या दिवाळीत मी होडी गावी नेली. चुलतभावाने काठावरून दोर धरला आणि मी आत बसलो. मला वल्हवता येत नाही; आबांनी मला शाळेत घातलं, नावेला हात लावू दिला नाही. होडी नीट तरंगत होती. मी गुडघ्यांवर बसून एकेक सांधा बोटांनी चाचपत गेलो. एक तरी ओला लागला असता तर म्हणता आलं असतं की अण्णांचं खरवडणं, त्यांची कोरडी हवा, सगळं फुकट होतं, आणि आबांना आदल्या वर्षीच बसवायला हवं होतं. ती चिकट होडी अर्धा तास टिकली असती की नाही, हे आता सांगणारं कुणी उरलेलं नाही. सगळे सांधे कोरडे लागले. मी पुन्हा पहिल्यापासून चाचपायला सुरुवात केली.