सानगडीला सांगितलेलं खोटं

सानगडीला जायचं मी एका सिनेमामुळे ठरवलं.

त्र्याहत्तरचा हिवाळा होता. एकाहत्तरच्या लढाईवरचा एक हिंदी सिनेमा नागपुरात दुसऱ्यांदा लागला होता आणि बायकोच्या आग्रहाखातर मी तो बघायला गेलो. त्या लढाईत मी स्वतः होतो, पूर्वेच्या आघाडीवर. पुढे पायाला इजा झाल्यामुळे सैन्यातून सुटून आलो आणि एका धान्याच्या गोदामात कारकून झालो.

सिनेमात नायकाचा मित्र त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो. मरायला त्याला चांगली पाच-सहा मिनिटं लागतात. तो आईला निरोप देतो, बायकोला सांगतो की डोळे मिटले तरी तुझाच चेहरा दिसतोय. मागे व्हायोलिन वाजत राहतं. सगळं थिएटर नाक पुसत होतं. बायकोही रडत होती. मला मात्र तुळशीराम आठवत होता.

तुळशीराम सानगडीचा, तळ्यात मासे धरणाऱ्या घरातला. आम्ही एका तंबूत राहायचो. युद्ध थांबल्यावर चौथ्या दिवशी तो पाणी आणायला गेला आणि तळ्याच्या काठाला पुरलेला सुरुंग त्याच्या पायाखाली फुटला. त्या दिवशी पाणी आणायची पाळी माझी होती. "तू तळ्याचा माणूस, तूच जा," असं मी त्याला हसत म्हणालो होतो.

बाहेर पडताना बायकोने विचारलं, "त्याच्या आईला भेटलात का कधी?"

दोन वर्षांत मी साधं कार्डही टाकलं नव्हतं. शनिवारी सकाळी निघालो.

आता हा रस्ता चौपदरी झालाय. तेव्हा समोरून ट्रक आला की एसटीला कडेच्या मुरमात उतरावं लागे. तिकीट किती होतं ते आता आठवत नाही. शहापूरला गाडी चहासाठी थांबली. थंडी एवढी की कपबशी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल लागला, तेव्हा पाण्यावर अजून धुकं होतं. पुढे लाखनीपर्यंत दोन्ही बाजूंना कापलेली धानाची शेतं, नुसती धसकटं उरलेली. साकोलीच्या अलीकडे मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

"तंबूत लढाईचा सिनेमा आला होता, पाह्यला का बे?"

"पाह्यला ना. बाया त लयच रडून राहिल्या होत्या."

सिनेमा माझ्या आधी पोचला होता.

साकोलीला गाडी बदलावी लागते. सानगडीची गाडी दुपारपर्यंत नव्हती. स्टँडजवळ आलुबोंडा घेतला, तोही अर्धा टाकून दिला. तुम्ही कधी गेलात तर सानगडीचा किल्ला जरूर बघा, त्याच्या पडक्या भिंतींवरून तळं आणि शेतं लांबवर दिसतात. मी बघितला नाही. उतरल्याबरोबर एका दुकानदाराला तुळशीरामचं घर विचारलं.

"शहीद तुळशीरामचं?" त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तळ्याच्या पाळीखाली, बांधाले लागून शेवटचं."

सगुणाबाई, म्हणजे तुळशीरामची आई, अंगणात जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, काळ्यासावळ्या. मी नाव सांगितलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं, आत जाऊन पाण्याचा गडवा आणला, बसायला पोतं टाकलं.

मग म्हणाल्या, "लय दिवस लावले बापू. म्या त सिनेमा पाह्यला तवापासून वाट पाहून राहिली. त्यात नाई का, सोबतचा पोरगा निरोप घेऊन येते मायजवळ. मले वाटे, माह्या तुळशीरामचाबी कोणी सोबती असन."

मी गडवा उचलून पाणी प्यायलो.

"सांग ना. मरतानी काय बोल्ला?"

एसटीत मी एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. 'माझ्या मायला सांभाळा म्हणाला', असं काहीसं. पण त्या माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या की ते बाहेर येईना.

"मावशी, मरताना तो काहीच बोलला नाही. मी शंभर पावलांवर होतो. आवाज आला, मी धावलो, तोवर संपलं होतं."

"आन त्याच्या आंधी?"

"आधी डबा घेऊन निघाला होता. त्या तळ्यात शिंगाड्यांचे वेल दिसले म्हणाला. 'तुले आणू का शिंगाडे?' असं विचारलं मला आणि गेला."

त्यांनी जाळं पुन्हा जवळ ओढून एका गाठीवरून बोट फिरवलं.

"होते का शिंगाडे?"

"माहीत नाही, मावशी."

आणि मग, आता थांबलो तर कधीच सांगता येणार नाही म्हणून, पाळी माझी होती तेही सांगितलं. त्या उठल्या आणि जाळं घेऊन पाळ चढून तळ्याकडे गेल्या. तासभर मी त्या पोत्यावर एकटा बसून होतो. निघून जावं असं चारदा वाटलं.

परत आल्या तेव्हा ओटीत बोटभर लांबीचे मासे होते. चुलीजवळ बसून ते साफ करता करता माझ्याकडे न बघताच बोलल्या.

"चंद्रकला येईन आता खळ्यावरून. माही सून. दोन वर्षं झाले, माहेरी जा म्हटलं त जात नाई. तिले हे नको सांगू. तिच्यापुढं म्या म्हनते, पोरानं मरतानी मायचं नाव घेतलं असन. त्या सिनेमातल्यावानी सांग काही. तिचं नाव घेतलं म्हन."

"मावशी, खोटं?"

"मले खरं सांगतलं ना? झालं तुह्यं. आता तिच्यासाठी येवढं कर."

दिवस कलताना चंद्रकला आली. बाविशीची असेल, केसांत धानाचा भुसा. मी कोण ते कळल्यावर दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. सगुणाबाई चुलीत फुंकर घालत होत्या.

"माह्यासाठी काई बोल्ले का?" तिने अगदी हळू विचारलं.

मी म्हणालो, "हो. डोळे मिटले तरी तुमचाच चेहरा दिसतोय, असं म्हणाला."

शब्द तोंडातून निघाले तेव्हाच ते कुठले आहेत हे माझ्या लक्षात आलं. दुसरं काही सुचलंच नव्हतं.

चंद्रकलेने चौकटीवरचा हात काढला. मग म्हणाली, "हे त मी सिनेमाच्या तंबूत आयकलं." आवाजात राग नव्हता. हातपाय धुवायला ती मागच्या अंगणात गेली.

रात्री भात, लाखोळीची डाळ आणि माशांचा रस्सा होता. सकाळी पहिल्या गाडीने निघालो. सगुणाबाई स्टँडपर्यंत आल्या, पण 'पुन्हा ये' म्हणाल्या नाहीत.

नागपूरला पोचल्यावर चार दिवस मला नीट झोप नव्हती. त्या सिनेमावाल्यांवर मी चिडलो होतो. हजारो घरांतलं दुःख घेऊन त्यांनी एक छान मरण तयार केलं, आणि आता खऱ्या घरांतल्या बायका आपल्या माणसाचं मरण त्याच्याशी जुळतं का ते बघत होत्या. पण सिनेमावाल्यांना दोष देऊन भागत नव्हतं. वेळ आली तेव्हा मीही त्यांचंच वाक्य उचललं होतं.

पाचव्या दिवशी चंद्रकलेच्या नावाने पत्र लिहिलं. डबा, शिंगाडे, सुरुंग, माझी पाळी, सगळं. गावात कोणाकडून तरी वाचून घेईल, एवढाच विचार केला.

दोन महिने काही आलं नाही. होळीच्या सुमारास एक पोस्टकार्ड आलं. अक्षर गावातल्या शाळेच्या गुरुजींचं असावं, सुबक होतं. मजकूर तिने सांगितला तसाच उतरवला होता:

"तुमचं पत्र भेटलं. ते असेच होते. सासूबाईले मात्र यातलं काही सांगू नका. त्यायले अजून वाटते का मरतानी पोरानं मायचं नाव घेतलं."