तात्यांचा आवाज टेपवर का नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आईजवळ नाही, वडिलांजवळ तर नाहीच. दोनदा वही उघडली आणि दोनदा मिटली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण नाही जात.

मी वडूजच्या अलीकडच्या एका गावचा. आम्ही बौद्ध. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. सांगलीला बी.एस्सी.ला आलो तेव्हा एका घराच्या मागची खोली मिळाली. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं. मी म्हणालो, माने. "म्हंजे आपल्यातलंच की," असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. माने आमच्यातही असतात — एवढंच सांगायचं होतं. किती वेळ लागला असता? मी बोललो नाही. पुढं वर्षभर त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवलो.

काकूंचा मुलगा बापू पुढच्या खोलीत भजनी मंडळांच्या कॅसेटी काढायचा. भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या आणि मधे मुंबईहून आणलेलं जुनं, मोठ्या चकत्यांचं चार ट्रॅकचं मशीन. गाणं एका ट्रॅकवर, ढोलकी दुसऱ्यावर, टाळ तिसऱ्यावर घ्यायचे आणि मग सगळं एकत्र करायचं. या मशीनच्या बढाया मी गावाकडं पुष्कळ मारल्या होत्या. आणि नेमकं त्याच सुमाराला ते रेकॉर्ड करेनासं झालं.

तेवढ्यात वडिलांचं आंतरदेशीय पत्र आलं. तात्यांच्या घशात गाठ निघाली होती. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. आसपासच्या आठ-दहा गावांत जयंतीची गाणी म्हणायचे, स्वतः रचलेली. लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. गुरुवारी मिरजेला ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यानंतर आवाज राहणार नाही. बुधवारी येताहेत, वडिलांनी लिहिलं होतं, तुझ्या मशीनवर दोन-चार गाणी घेऊन ठेव.

तीन दिवस मी त्या मशीनपुढं बसलो — हे खरं आहे, मनापासून बसलो. हेड स्पिरिटनं पुसले. माईक बदलून पाहिला, टेप बदलून पाहिली. काटा हलायचा, पण परत लावलं की टेपवरचं जुनं भजन जसंच्या तसं ऐकू यायचं. म्हणजे नवीन उतरत नव्हतं आणि जुनंही पुसलं जात नव्हतं. दोन्ही एकदम बंद, तर बिघाड दोन्हींच्या सामाईक जागी असणार. मागचं झाकण काढून तारेमागून तार शोधत गेलो. रेकॉर्डच्या लांब खटक्याचे आतले पत्रे काळे पडले होते. ते घासले. बुधवारी सकाळी एक, दोन, तीन म्हणालो आणि परत लावलं. एक, दोन, तीन. स्वच्छ.

घरात तेव्हा कुणी नव्हतं. काकू आणि बापू पलूसला लग्नाला गेले होते, संध्याकाळी येणार होते. तोवर तात्यांची गाणी होऊन गेली असती. माझा बेत तोच होता — बेतच म्हणायचा ना त्याला?

बापू जेवून दुपारीच एकटा परतला. त्याच्या मागोमाग तात्या आणि त्यांची मुलगी कमलताई दारात. तात्यांनी जयभीम घालायला हात उचलला, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाले, "रामराम." त्यांच्या तोंडून मी तो शब्द कधी ऐकला नव्हता.

"पाव्हणं कोण रं, माने?" बापूनं विचारलं.

"गावाकडचे."

"या मामा, बसा. काय म्हनता तुमी? भजन, गौळण?"

"म्हनतो आपलं कायबाय. आमच्या जयंतीला..."

"मशीन चालत नाही," मी म्हणालो.

"आरं तीन दिस मग काय माश्या मारत हुतास? लाव तरी. मामा, नुसतं आ करा."

त्या मशीनला प्रत्येक ट्रॅकची एक छोटी कळ असते. ती खाली केली तरच आवाज टेपवर उतरतो. वर असली की चकत्या फिरतात, काटा नाचतो आणि उतरत काहीच नाही. मी कोरी टेप लावली. कळ वरच ठेवली.

तात्यांनी कानावर हात धरला. शब्द नव्हते, नुसता आकार. आवाज घोगरा झाला होता, तरी वर चढला आणि वर जाऊन थांबला. "आयला," बापू म्हणाला. मी टेप मागं घेऊन लावली. नुसती खरखर.

तात्याच मला म्हणाले, "आसू दे रं गड्या. मशीन झाली म्हनून काय, तिचाबी कवातरी घसा बसायचाच की." हसले, मग बराच वेळ खोकले.

मी त्यांना मिरजेच्या बसपर्यंत सोडायला गेलो. तिथं बापू नव्हता. चला मागं, म्हणता आलं नसतं? पिशवी आत दिली आणि हात केला.

दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त झालं म्हणून मी बापूला सांगितलं. काकूंनी शिरा केला. तिकडं तात्यांचं ऑपरेशन चालू होतं आणि मी शिरा खाल्ला. पुन्हा वाढला, तोही खाल्ला.

खोली जाईल म्हणून भ्यालो, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण बौद्ध मुलांना खोल्या मिळत होत्याच. माझ्याच वर्गातली दोघं आपलं नाव-गाव सांगून राहत होती.

तात्या पुढं दीड वर्ष जगले. जयंतीला पोरं त्यांची गाणी सिनेमाच्या चालीवर म्हणायची. ते मांडीवर थाप मारून चाल दाखवायला बघायचे, पण थापेवरून चाल कशी कळणार?

ते गेल्यावर मी गावी गेलो. कमलताईनं विचारलं, "त्या दिशीचं कायच न्हाई का रं टेपात? नुसतं आ केल्यालंबी?"

"नाही," मी म्हणालो.

"तू तरी काय करनार म्हना. मशीनच बंद हुती."

मी मान डोलावली.