भंडाऱ्याचं ताट

बायकोला हे माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, ती गेली. देवापुढे हात जोडतो तेव्हाही मी हा विषय टाळतो — त्याला ठाऊक असणारच, पण माझ्या तोंडून त्यानंही ऐकलेलं नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

माजलगावजवळच्या एका गावात माझे कॉम्प्युटरचे क्लास आहेत. लोक मला सर म्हणतात. अजूनही म्हणतात — तिथंच तर खरी गोम आहे. आमच्याकडे दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. कोणी कोल्हापूरकडे, कोणी पार कर्नाटकात. उसाच्या फडाशेजारी बांबू-पाचटाची झोपडी उभी करायची, फड संपला की मोडायची आणि पुढच्या शिवारात न्यायची. तिला आम्ही कोपी म्हणतो. मागे गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. आपलं माणूस आज कुठल्या शिवारात आहे, हे त्यांना कळावं कसं? फोन असतात, पण रिचार्ज संपतो, नंबर बदलतो, आणि म्हातारीला तो लावता येत नाही.

यावर तोड काढली संगीतानं. संगीता माझी विद्यार्थिनी. बारावी झाली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर फडात गेली. एका वर्षी निघण्याआधी क्लासवर येऊन म्हणाली, "सर, एक वेबसाइट करू. कोन टोळी कुठं हाय तेवढंच लिहायचं. म्हातारी मान्सं तुमच्याकडं येतेल, तुमी वाचून दावायचं." नाव तिनंच ठेवलं — आपली कोपी. नोंदणी मी केली, माझ्या नावानं, माझ्या ईमेलवर. पासवर्ड आम्हा दोघांनाच माहीत. टोळ्याटोळ्यांतून तिला फोन यायचे आणि मोळ्या बांधून झाल्या की ती फडातूनच मोबाइलवर लिहायची. बघता बघता गेवराईपर्यंतची गावं त्यात आली. म्हाताऱ्या माझ्या पायरीवर येऊन बसायच्या. विचारायच्या, "सर, संगीताच्या कोपीत काय आलंय आज?"

संगीताच्या कोपीत. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

मग एका पावसाळ्यात, टोळ्या गावातच असताना, नोटीस आली. वकिलाची, इंग्रजीत, माझ्या नावावर. पुण्याकडची एक कंपनी — शहरातल्या लोकांसाठी डोंगरात झोपड्या बांधते, आत गादी, गरम पाणी, सगळं. ते नाव म्हणे कंपनीनं आधीच नोंदवलेलं. नाव सोडा, नाहीतर कोर्ट आणि भरपाई. मी हे मराठीत समजावून सांगितलं तर मंडळी आधी हसलीच. एक म्हातारी म्हणाली, "घरदार सोडून कोपीत काहून राहत्यात बरं ती?"

हसणं झाल्यावर सगळे खंडोबाच्या देवळात जमले. आमच्याकडे टोळी निघण्याआधी तिथं बेल-भंडारा उचलतात — हंगाम अर्ध्यात सोडून कोणी पळायचं नाही, ही शपथ. कागदापेक्षा ती मोठी. तात्या, आमच्यातले सगळ्यात जुने मुकादम, म्हणाले की नाव द्यायचं नाही, आणि सगळ्यांनी त्यावर भंडारा उचलायचा. सगळ्यांनी उचलला. मीही उचलला, कपाळाला लावला. नाव कोणाच्या हातात आहे, एका माणसाला ते सोडता येतं का — हे कोणीच विचारलं नाही. सरांनी भंडारा उचलला म्हणजे विषय संपला! माझी माणसं इथंच चुकली, आणि त्या चुकीला मी भोळेपणा म्हणत आलो.

हरकतीचा मसुदा संगीतानं सांगितला, मी लिहून घेतला. तिचं एक वाक्य मला पाठ आहे: "तुमी कोपीत हौसेनं चार दिवस राहता, आमी तिच्यात बाळंत होतो." मी म्हणालो, कायद्याच्या भाषेत असं लिहीत नाहीत. ती म्हणाली, "मंग कायद्याला ठावं कसं व्हायचं, सर?" ते वाक्य तसंच ठेवलं. मग माझ्याच फोनवरून, माझ्यासमोर, तिनं त्या वकिलाला फोन लावून चांगलं खडसावलं. एवढाच तिचा आणि कंपनीचा संबंध. मी शेजारी बसलो होतो.

हरकत मी पाठवणार होतो. खरंच पाठवणार होतो — बघा, आत्ता हे लिहिताना मी उठून पाणी पिऊन आलो. तहान नव्हती.

हरकत मी पाठवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, क्लास रिकामा असताना, त्या वकिलाला कळवून टाकलं की नाव सोडतो, माझ्यावर कारवाई करू नये. माझ्यावर. आमच्यावर असंसुद्धा लिहिलं नाही. मसुदा पुसून टाकला आणि चार वाजताच्या बॅचला टायपिंग शिकवलं.

भीती वाटली होती का? वाटली होती. कोर्टाची, पोलिसांची, नावाला बट्टा लागण्याची. इतकी वर्षं मी स्वतःला भीतीच सांगत आलो, कारण भित्र्या माणसाची लोक कीव करतात. पण नुसती भीती असती तर देवळात सांगता आलं असतं, मला जमत नाही म्हणून. लोक चिडले असते, चार दिवसांनी विसरले असते. खरं वेगळंच आहे. नोंदणी माझी, मशीन माझं, पायरी माझी — आणि नाव तिचं! काल माझ्यापुढे टायपिंग चुकणारी पोरगी, आणि म्हाताऱ्या तिला दुवा देतात. ते नाव जाणार म्हटल्यावर मला आत कुठंतरी बरं वाटलं. हो, बरं वाटलं. हे मी आज पहिल्यांदाच शब्दांत मांडतोय आणि मला माझी किळस येतेय.

आठवड्याभरात वेबसाइट गेली. त्या जागी डोंगरातल्या गुबगुबीत झोपड्यांचे फोटो आले. टोळ्या अजून निघायच्या होत्या. तात्यांनी पुन्हा देवळात बोलावलं आणि विचारलं, हरकत पाठवली होती ना? मी म्हणालो, पाठवली होती. मग असं कसं झालं? इथंही गप्प बसता आलं असतं. पण मी बोललो. म्हणालो, कंपनी म्हणते, तुमच्यापैकीच कोणीतरी आतून होकार दिला.

हे वाक्य मी आयत्या वेळी रचलं. अगदी सहज सुचलं, त्याचंच जास्त वाईट वाटतं. पासवर्ड दोघांना माहीत. एक सर, दुसरी ऊस तोडणारी बाई. कंपनीला फोन झाला होता, हे गावाला ठाऊक होतं. कोणी केला होता? संगीतानं. कोणाच्या फोनवरून, कोणासमोर, काय बोलली — कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

तात्या तिला म्हणाले, "भंडारा उचल, बाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, ताट धरा." गावात शिकलेला, मान असलेला माणूस म्हणून ताट माझ्याकडे आलं. मी धरलं. ती समोर आली, चिमूटभर भंडारा उचलला आणि म्हणाली, "म्या न्हाई केलं." तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता. सर आता बोलतील, फोनचं सांगतील, एवढीच वाट पाहत होती ती.

मी बोललो. मोठ्या मनाचा आव आणून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माझा संगीतावर विश्वास आहे." बस, तेवढंच. लोकांना वाटलं, सर देवमाणूस, विद्यार्थिनीला सांभाळून घेतात. म्हणजे तिनं केलंय हे नक्कीच झालं. भंडारा मोडलेली बाई टोळीत नको, असं ठरलं. त्या हंगामात ती आणि तिचा नवरा अनोळखी टोळीबरोबर कर्नाटकात गेले. शेजारची कोपी आपल्या माणसांची नसली की काय होतं ते मला ठाऊक आहे. पोर आजारी पडलं तर धरायला कोणी नसतं, अंघोळीला आडोसा धरायला कोणी नसतं. पुढचे हंगामही तसेच गेले. गावात येते, दाराशी उभी राहते, बायका तिला आत बोलवत नाहीत.

म्हाताऱ्या काही दिवस पायरीवर येत राहिल्या. मी सांगायचो, बंद झालंय ते. मग येईनाशा झाल्या.

यंदा संगीताचा फोन आला. फडातूनच केला होता, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तिला मुलगी झाली, कोपीतच. गावात कळवायला तिच्याकडे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मुलीच्या रडण्यात तिचे शब्द नीट ऐकू येत नव्हते, म्हणून तिनं ते दोनदा सांगितले. म्हणाली, "सर, समदं गाव माझ्यावर उलटलं, एकटे तुमीच माझ्या बाजूनं बोलला. म्या मरंपतूर इसरनार न्हाई."

मी म्हणालो, "असू दे गं."