सही बाकी आहे तोवर

पेणहून विधी सेवा समितीच्या क्लार्कचा फोन आला, तेव्हा मी अष्टमी गावातल्या घरी गौरीच्या नैवेद्याची भाजी निवडत बसले होते.

"मॅडम, अर्जंट आहे. बाई कॅन्सरच्या शेवटच्या स्टेजला आहे. रजिस्ट्रारला घरी न्यायचंय, असं तिचा भाऊ म्हणतोय."

"अरे, आज ऑफिसं बंद आहेत ना?"

"तेच तर. म्हणून तो थेट माझ्या दारात आलाय. आणि बाकीचे पॅनेलवाले फोनच उचलत नाहीत."

गणपतीच्या सुट्टीत पॅनेलवरचा वकील सापडणं म्हणजे उंबराचं फूल. ही समिती गरजूंना सरकारी खर्चाने वकील देते. अशील बाई असेल तर तिचं उत्पन्नही कोणी बघत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे सुट्टी असली तरी जायचं, असं आम्ही ठरवून घेतलेलं. कुरकुरत जातो, पण जातो. भाजी सासूबाईंच्या पुढ्यात सरकवली आणि पेणची एसटी धरली.

स्टँडवर भाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. हरी नाव. पन्नाशीचा, काटक, भात आणि वाल पिकवणारा. गाव गागोदे बुद्रुकच्या पलीकडे. वाटेत त्याने ओरडून ओरडून सगळं सांगितलं. बहीण सुमन त्याच्याहून मोठी. नवरा वारल्यावर मुलीला घेऊन माहेरी आली. जमीन अजून वडिलांच्याच नावावर. आता गिऱ्हाईक आलंय, पण कागदावर बहिणीचाही हक्क लागतो.

"ताईनं हक्क सोडला की माझं काम सरळ व्हईल. तिचा काय भरवसा नाय आता."

हक्कसोड म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला आपला वाटा भावाला लिहून देणं. आमच्याकडे बहिणी गौरी-गणपतीला माहेरी आल्या की जेवणं आटोपल्यावर हा विषय निघतो. बहुतेक जणी साडी घेऊन अंगठा देतात. हा कागद रजिस्टर करावा लागतो. माणूस उठूच शकत नसेल तर रजिस्ट्रार घरी येऊ शकतो, अगदी सुट्टीतसुद्धा. त्यासाठी अर्ज मात्र सही करणाऱ्याकडूनच यावा लागतो.

"ताईंना विचारलंत का?" मी म्हटलं.

"तिला काय विचारायचं? ती माझीच हाय ना."

"आणि तुमचा नेहमीचा वकील?"

"तो फी घेतो. बायकांना फुकट वकील भेटतो म्हनं."

"मग एक ध्यानात ठेवा हरीभाऊ. हा फुकटचा वकील तुमच्या ताईला मिळालाय. तुम्हाला नाही."

"एकच ना ते," तो हसून म्हणाला.

घरात गौरीची धांदल चालली होती. पुढच्या खोलीत गणपती, दिवे, शेजारच्या बाया. सुमनताईंना मागच्या पडवीत ठेवलं होतं. आत शिरल्याबरोबर वास आला. हरीची बायको वनिता त्यांच्या अंगाखालचं कापड बदलत होती. मुलगी प्रणाली, पेणला कॉलेजात जाणारी, वारा घालत बसली होती. सुमनताई म्हणजे नुसता सापळा. डोळे तेवढे जागे होते.

"सगळ्यांनी बाहेर व्हा," मी म्हटलं.

"मी पण?" हरीने विचारलं.

"तुम्ही आधी. अशिलाशी एकटीनेच बोलायचं असतं."

तो कुरबुरत गेला. मी सुमनताईंना विचारलं, हक्कसोड म्हणजे काय ते ठाऊक आहे का?

"व्हय. जमीन त्याची, मी मोकळी."

"तुम्ही गेल्यावर तुमचा वाटा आपोआप प्रणालीला येतो. सही केलीत तर तिला काहीच उरत नाही. सही करायचीच, असं कायदा म्हणत नाही. मी बाहेर जाऊन सरळ नाही म्हणून सांगते."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बराच वेळ दम खाल्ला.

"मॅडम, त्या दुखायच्या गोळ्या हितं भेटत नाय. हरी पनवेलला जातो, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन. गोळी चुकली ना, तर मी गुरासारखी वरडते. पोरीला बघवत नाय." मग म्हणाल्या, "तुम्ही नाय सांगितलंत, तर तो उद्यापासून जायाचा नाय. आणि सही दिली, तरी जायाचा नाय."

मला संताप आला. म्हटलं, हॉस्पिटलात हलवते. पोलिसांना सांगते. पनवेलहून गोळ्या मी स्वतः आणते.

"किती दिस आणशीला? आणि मला हितंच मरायचं हाय. माझ्या बापाचं घर हाय हे."

"मग मी करू काय?"

"नाय म्हणू नका. व्हय पण म्हणू नका. कोर्टात तुम्ही तारीख घेता ना? तशी घ्या."

उभ्या आयुष्यात तारखा घेण्यावरून मी लोकांच्या शिव्या खात आले. तारीख हे कुणाचं औषध असू शकतं, हे मला त्या पडवीत कळलं.

बाहेर आले. हरी दाराशीच होता.

"झालं?"

"रजिस्ट्रार घरी येऊ शकतो. पण अर्ज ताईंचा पाहिजे. त्या म्हणतील त्या दिवशी मी अर्ज देते."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. हरी आत वाकला. "काय गो ताई? कवा करायचं?"

"गौर घरात असताना वाटणी करतोस? जाऊ दे तिला, मग बघू."

हरी दारातून मागे सरला. देवाधर्माला तो भिऊन होता आणि हे बहिणीला पक्कं माहीत होतं.

विसर्जन झाल्यावर त्याचा फोन आला. मी म्हटलं, ताईंना विचारा. ताईंनी त्याला पितरांचं कारण दाखवलं. पितृपक्षात जमिनीचा कागद करायची हरीचीच छाती झाली नाही. या सगळ्या काळात तो पनवेलच्या खेपा घालत होता. प्रणालीने एकदा फोन करून सांगितलं, "मामा गोळ्या आणतो, शहाळी पण आणतो. पण आईच्या उशाशी बसून सारखं विचारतो, आता कवा?"

कोर्टाच्या बाररूममध्ये एका सीनियरनी मला छेडलं. "मॅडम, अशिलाला हो तरी म्हणायला सांगा, नाही तरी. हे अधांतरी काय ठेवलंय?"

"अधांतरी आहे म्हणून तिला रात्री झोप लागते, सर."

ते समजल्यासारखं करून चहा पिऊ लागले. माझी झोप मात्र उडाली होती. भावाने बहिणीला गोळी द्यावी म्हणून तिने त्याला आशेवर ठेवायचं, आणि मी ते बघत बसायचं. या कामाची मला लाज वाटायची. दुसरा मार्गही दिसत नव्हता.

नवरात्रात सुमनताई गेल्या. शेवटपर्यंत त्यांची गोळी चुकली नाही.

मी भेटायला गेले. हरी ओटीवर डोकं धरून बसला होता. मला बघून उसळला. "तुम्ही माझं वाटोळं केलंत! तुम्हाला ठाव होतं, ती सही द्यायची नव्हती!" बोलता बोलता रडायला लागला. रडणं बहिणीसाठी होतं की जमिनीसाठी, मला सांगता येणार नाही. कदाचित त्यालाही आलं नसतं.

वनिताने मला परसात बोलावलं.

"मॅडम, त्या दिशी मी भिंतीपल्याड होते. समदं ऐकलं."

मी चरकले. "हरीभाऊंना बोलला नाहीत?"

"नाय. मी माझ्या भावांना दिली सही, लगीन झालं त्याच वर्षी. तवापासून मला गौरीला कोण न्यायला आला नाय." तिने पदराने हात पुसले. "नणंदेचं हगणं-मुतणं काढलं मी. येवढं तर मी तिच्यासाठी गप बसू शकते."

तिनेच दिवसकार्य होण्याआधी प्रणालीला पेणला मैत्रिणीच्या खोलीवर पोचवलं. घरात राहिली असती तर पोरीकडून सही काढून घ्यायला किती वेळ लागला असता?

वारसनोंदीला हरीने हरकत घेतली. ती टिकली नाही. सातबाऱ्यावर हरीच्या नावाशेजारी प्रणालीचं नाव लागलं. भांडणाची जमीन नको म्हणून गिऱ्हाईक निघून गेलं. मामा-भाची अजून बोलत नाहीत. जमीन तशीच पडून आहे. हा विजय म्हणून मी कुणाला सांगत नाही.

आता सणासुदीला कोणी आजारी बहिणीचा हक्कसोड घेऊन आलं, की मी कागद बाजूला ठेवते. आधी विचारते, तिचं औषध कोण आणतं? "मीच आणतो," असं भाऊ म्हणाला, तर मी अजिबात घाई करत नाही.